हनुवटीखालच्या पांढऱ्या खुणा

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. जेवणाच्या टेबलाशी बसणारी, चार पायांची साधी खुर्ची मात्र नव्हे. माझा पाय एकच, तोही जाडजूड, ओतीव लोखंडाचा. मला पाठ आहे, मान आहे, दोन हात आहेत आणि खाली एक पेडल आहे. ते दाबलं की माझी पाठ मागे जाते आणि माझ्यावर बसलेला माणूस आपसूक आडवा होतो. आडवा झाला की त्याची निम्मी मिजास तिथेच उतरते. जो उभ्यानं शेजाऱ्याशी, दुकानदाराशी, घरातल्या सगळ्यांशी तावातावानं भांडतो, तोच छताकडे बघत बारीक आवाजात म्हणतो, "जरा हळू हं." माझं उभं आयुष्य हे ऐकण्यात गेलं.

एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. कोणी माझा पाय ओतला, कोणी पोटात मोटार बसवली, कोणी फिकट हिरवं रेक्झिन ताणून शिवलं. शेवटी तपासनीस आला. हा मोठा धोरणी गृहस्थ. खुर्च्या तपासायचं काम तो नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर काढायचा आणि डोळे मिटून करायचा. मुकादमानं हटकलं तर म्हणायचा, "तपासतोय साहेब. झोप लागली तर माल पास." मी पास झाले. तो घोरतही होता.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. ते दिवस माझ्या भरभराटीचे. सकाळी पहिला रोगी यायच्या आधी डॉक्टर स्वतः मला पुसायचे, सुट्टीच्या दिवशी माझ्या सांध्यांत तेल सोडायचे, आणि कोणी माझी स्तुती केली की स्वतःची झाल्यासारखे खूश व्हायचे. रोगी कितीही घाईत असो, कवळीचं माप घ्यायचं किंवा दाताची उंची ठरवायची, तर आधी माझी पाठ पूर्ण वर करून त्याला ताठ बसवायचे. रोगी कुरकुरला, "डॉक्टर, आडवाच बरा होतो की मी," तर म्हणायचे, "आडवा चेहरा वेगळा आणि बसलेला चेहरा वेगळा, बाबा. जेवणार कुठल्या चेहऱ्यानं आहेस?"

त्यांच्याकडे मी माणसं ओळखायला शिकले. तोंडावरून नव्हे, हातांवरून. माझे हात धरायची प्रत्येकाची पकड निराळी. जो आल्याआल्या "मला नाही भीती वाटत" असं जाहीर करायचा, त्याच्या नखांच्या खुणा माझ्या रेक्झिनवर सगळ्यात खोल उमटायच्या. लहान मुलं सरळ रडून मोकळी व्हायची. त्यांचा हिशेब रोखीचा. मोठ्यांचा सगळा व्यवहार उधारीवर: इथे हसायचं, घरी जाऊन बायकोवर चिडायचं.

एक दिवस डॉक्टरांनी हत्यार उचललं, दिव्याखाली धरलं, आपल्याच हाताकडे बघितलं आणि ते परत ट्रेमध्ये ठेवून दिलं. त्यांचा हात कापत होता. त्यांनी रोग्याची माफी मागितली, त्याला दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि त्या आठवड्यातच दवाखाना बंद केला. असं स्वतःहून थांबणारं माणूस मी त्यानंतर बघितलं नाही.

मग मी एका ब्यूटी पार्लरमध्ये आले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान, समोरच्या भिंतीवर भला मोठा आरसा. पार्लरच्या मालकिणीला सगळे वहिनी म्हणायचे. "दातांची खुर्ची म्हटल्यावर बाई बसेल का हो कुणी?" असं म्हणत तिनं मला जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतलं आणि पार्लरमध्ये आणल्याबरोबर गुलाबी अभ्रा चढवला. झालं, माझा भूतकाळ मिटला! बायका माझ्यावर पडून भुवया कोरून घ्यायच्या, चेहऱ्याला लेप लावून घ्यायच्या, आणि जावेबद्दल जे बोलायचं ते लेप वाळायच्या आत बोलून घ्यायच्या, कारण वाळला की तोंड हलवायची बंदी.

वहिनीचा हात हलका होता. खोटं कशाला बोलू? भुवईवरून तिचा दोरा फिरायचा तेव्हा माझ्या हातांवरची पकड जेमतेम घट्ट व्हायची. ती मनानंही वाईट नव्हती. गरीब मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिला फुकट तयार करायची आणि तिच्या आईला चहा पाजायची.

मग माणसांच्या हातांत कॅमेऱ्याचे फोन आले. तोवर माणूस स्वतःला आरशात समोरून बघत होता. आता त्याला आपला चेहरा खालून, बाजूनं, हसताना, खाताना, झोपताना दिसायला लागला. हनुवटीखाली मांसाचा एक पदर असतो ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या गावी नव्हती. ती रातोरात आजार होऊन बसली. बायका माझ्यावर पडल्या पडल्या गळ्याखाली चिमूट धरून विचारायच्या, "वहिनी, याचं काही करता येतं का हो?"

वहिनी दोन दिवसांचा एक कोर्स करून आली. शनिवारी वहिनी म्हणून गेली आणि सोमवारी मॅडम होऊन परतली. भिंतीवर चौकटीतलं प्रशस्तिपत्र लागलं. कपाटात बाटल्या आल्या. त्यांत पाण्यासारखं दिसणारं औषध होतं. ते सुईनं हनुवटीखाली ठिकठिकाणी टोचायचं. तिथली चरबी विरघळते, पण आधी आग होते, गळा सुजतो, दुखतो, आणि मग हळूहळू पदर ओसरतो. महिन्याच्या अंतरानं अशा दोन-तीन बैठका. हे काम डॉक्टरचं, हे मॅडमला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर सुई काढायच्या आधी ती दाराला आतून कडी घालायची.

पण सुरुवातीला ती सगळं डोळ्यांत तेल घालून करायची, हेही सांगायला हवं. कोर्समध्ये शिकवलं होतं तशी आधी माझी पाठ उभी करायची. माणसाला ताठ बसवायची, समोर बघायला सांगायची आणि पांढऱ्या पेन्सिलीनं जबड्याच्या कडेखाली एक रेघ ओढायची. त्या रेघेच्या वर सुई न्यायची नाही. जबड्याच्या कडेनं एक बारीक नस जाते, ती खालचा ओठ खाली ओढते. तिला इजा झाली की ओठ हलेनासा होतो. रेघ झाली की तिच्या खाली ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक टोचणी.

आणि लोक येत गेले. कानटोपी घालून चोरपावलांनी येणारे एक साहेब होते. त्यांना ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्यापाठोपाठ त्याच ऑफिसातले दुसरे साहेब यायचे. दोघं जिन्यात समोरासमोर आले तेव्हा दोघांनीही एकमेकांना सांगितलं की बायकोला न्यायला आलोय. एक आजीबाई आल्या, सोबत नातीचा फोन घेऊन. "हिच्या फोनात मी बेडकासारखी दिसते," म्हणाल्या. मॅडमनं त्यांना समजावून परत पाठवलं. तेव्हा ती अजून नाही म्हणू शकत होती.

मग माझी मोटार गेली. एके दिवशी पाठ मागे गेली आणि वर येईना. मेकॅनिक आला, माझं पोट उघडून बघितलं आणि म्हणाला, "पार्ट मागवावा लागेल. तोवर खुर्ची बंद." खुर्ची बंद म्हणजे पार्लर बंद. मॅडमनं माझ्या पाठीखाली एक लाकडी ठोकळा सारला, ती हलू नये म्हणून, आणि मेकॅनिकला म्हणाली, "बघू नंतर."

त्या दिवसापासून ती माणसाला आडवं पाडून खुणा करायला लागली. पहिल्या वेळी तिचा हात अडखळला. दुसऱ्या वेळी कमी अडखळला. कुणाला काही झालं नाही. आणि मित्रांनो, काही झालं नाही, ह्या गोष्टीनं माणूस जितका बिघडतो तितका संकटानंही बिघडत नाही.

अशात एका दुपारी दोघी बहिणी आल्या. धाकटी नेहमीची, भुवयांना येणारी, तोंडाची फटकळ. थोरलीला तिनं हाताला धरून आत ओढलं.

"मॅडम, ही माझी ताई. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. दिवसभर तोंड चालवते आणि घरी आली की मुकी."

"घरी सगळ्यांना ऐकू येतं ना," थोरली शांतपणे म्हणाली. "त्यांना काय सांगायचं?"

ह्या थोरलीला मी बाई म्हणते, तिची मुलं म्हणायची तसंच. पन्नाशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या अगदी समोर तोंड धरणारी. तिचं काम मॅडमनं विचारलं नाही, पण धाकटीनं सगळं ओतलं. ह्या मुलांना ऐकू येत नाही, ती बाईंचे ओठ बघून शब्द ओळखतात आणि त्या ओठांची नक्कल करून बोलायला शिकतात. एकेका शब्दाला कधी महिना लागतो. आता शाळेनं ठरवलं होतं की बाईंचे धडे चित्रित करायचे, म्हणजे ज्या मुलांना शाळेपर्यंत पोचता येत नाही, ती घरी बसून बाईंच्या ओठांवरून शिकतील. बाईंनी ह्या कामासाठी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या होत्या.

"मग अडलं कुठे?" मॅडमनं विचारलं.

"परवा चाचणी घेतली," बाई म्हणाल्या. "तो कॅमेरावाला सारखा म्हणतो, बाई, मान वर. अजून वर. मान वर केली की ओठ नीट दिसत नाहीत, आणि मान खाली आणली की हे दिसतं." त्यांनी गळ्याखाली चिमूट धरली. "मग त्यानं ते पडद्यावर दाखवलं. चेहरा भिंतीएवढा. मला स्वतःचे ओठ दिसलेच नाहीत हो. मला फक्त हेच दिसत राहिलं."

"शूटिंग कधी आहे?"

"सुट्टी संपल्यावर."

"मग झालं की काम! दोन बैठकांत गळा असा करते, कॅमेरावाला ओळखणार नाही."

बाई माझ्यावर बसल्या, पण टेकल्या नाहीत. "मॅडम, एक विचारू? ओठांना काही होत नाही ना? माझं सगळं काम ओठांवर आहे."

मॅडमचा हात माझ्या मानेवर होता. तो क्षणभर थांबला. तिला ती नस ठाऊक होती, ती रेघ ठाऊक होती, पाठीखालचा ठोकळाही ठाऊक होता. मग तिनं हसून पेन्सिल उचलली.

"अहो, कुठे गळा आणि कुठे ओठ! मी काय आज करतेय का हे?"

पहिली बैठक धड पार पडली. बाई घाबरलेल्या होत्या, त्यामुळे गप्प पडून राहिल्या, आणि खुणा हव्या तिथेच बसल्या. नंतर गळा सुजला तेव्हा धाकटीनं फोनवरून मॅडमला रोजचा वृत्तांत दिला. "आज ताई बेडूक झालीय. भाऊजी म्हणतात, पाऊस येणार बहुतेक." सूज उतरली तसा पदरही थोडा उतरला. दुसऱ्या बैठकीला बाई आल्या त्या आरशात बघतच आल्या. आरशात स्वतःकडे बघून त्या हसल्या. ते हसू मी पुन्हा बघितलं नाही.

त्या दिवशी त्यांची भीड चेपली होती. मॅडम डावीकडे स्टूल घेऊन बसली, पेन्सिल काढली, आणि बाई बोलायला लागल्या. एका मुलाबद्दल सांगत होत्या. त्याला 'आत्या' म्हणता येईना. एके दिवशी आत्याच शाळेत आली आणि हा तिच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाला, 'आत्या'. सांगता सांगता बाईंनी मान मॅडमकडे वळवली. ती त्यांची शाळेतली सवय. ज्याच्याशी बोलायचं त्याला आपलं तोंड दाखवल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे.

"बाई, हलू नका ना."

"हो हो," बाई म्हणाल्या, आणि 'हो हो' म्हणायलाही तिच्याकडे वळल्या.

मॅडम हसली. असं हसत, बोलत तिनं खुणा केल्या. मान डावीकडे वळलेली, पाठ आडवी, कातडी खांद्याकडे ओघळलेली. रेघ आली, ठिपके आले. मग ती म्हणाली, "आता अगदी सरळ बघा. बोलायचं नाही." बाईंनी मान सरळ केली. आणि उजवीकडच्या ज्या खुणा जबड्याखाली होत्या, त्या कातडीबरोबर सरकून जबड्याच्या कडेवर चढल्या. बसलेल्या चेहऱ्यावर कुणालाही ते दिसलं असतं. आडव्या चेहऱ्यावर मॅडमला रेघ दिसत होती, आणि ठिपके रेघेखाली होते. तिच्या लेखी सगळं बरोबर होतं.

बर्फ लावला. सुई सुरू झाली. डावी बाजू झाली, मधली झाली. उजवीकडे गेल्यावर माझ्या उजव्या हातावरची पकड एकदम आवळली. दातांच्या डॉक्टरांकडे ही पकड मी ओळखायची. हत्यार नको तिथे लागलं की ती येते.

"मॅडम, इथे वेगळं लागलं."

"वेगळं म्हणजे?"

"झिणझिण्या आल्या. पार ओठापर्यंत."

माझे डॉक्टर अशा वेळी हात मागे घ्यायचे.

"औषध काम करतंय," मॅडम म्हणाली, आणि पुढच्या ठिपक्यावर गेली.

आठवड्याच्या आत दोघी परत आल्या. बाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. धाकटी आज काहीच विनोद करत नव्हती. मॅडमनं कडी घातली. रुमाल बाजूला झाला आणि समोरच्या आरशात मलाही दिसलं. बाई बोलायच्या तेव्हा खालच्या ओठाची डावी बाजू खाली यायची आणि उजवी जागच्या जागी राहायची. सगळं तोंड एका अंगाला ओढल्यासारखं व्हायचं.

"सूज आहे," मॅडम म्हणाली. "हसून दाखवा. हं. एवढंसं तर आहे! कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, कुठे गळा आणि कुठे ओठ," धाकटी म्हणाली.

"अहो, होतं कधीकधी. आपोआप जातं. शेक द्या."

"शेक द्या काय? तिची शाळा सुरू होतेय!"

"जाऊ दे गं," बाई म्हणाल्या. "चल." आणि रुमाल परत तोंडावर गेला.

शाळा सुरू झाल्यावर त्या एकट्याच आल्या. खोलीत भुवयांना आलेल्या दोघीजणी होत्या, त्यांना मॅडमनं बाहेर बसवलं. बाई माझ्यावर बसल्या नाहीत. मॅडमचं स्टूल ओढून भिंतीशी बसल्या.

"मी नसांच्या डॉक्टरांकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, बहुतेक वेळा सुधारतं, वेळ लागतो. पण तुमचं कसं होईल ते सांगता येत नाही. कुठलं औषध होतं, किती होतं, किती खोल गेलं, ते लिहून आणा."

मॅडमनं कपाट उघडलं, बाटली काढली, फिरवून फिरवून बघितली. मग बाईंच्या हातात दिली. तिच्यावरची अक्षरं परदेशी होती. दोघींनाही ती वाचता येईनात.

"कोर्सवाल्यांनीच दिलं होतं," मॅडम म्हणाली. "सगळे हेच वापरतात."

"आणि किती खोल?"

 मॅडमचा आवाज चढला. "मी काय मुद्दाम केलं का, बाई?"

"नाही हो. मुद्दाम केलं असतं तर काय केलं ते तरी तुम्हाला माहीत असतं."

बाईंनी बाटली माझ्या मांडीवर ठेवली. रडल्या नाहीत. वर्गात सांगतात तशा सांगू लागल्या.

"शाळेचा पहिला दिवस. मी फळ्यापुढे उभी राहिले आणि 'पाणी' म्हटलं. आमची सुरुवात नेहमी पाण्यानं होते. समोर बसलेल्या सगळ्या मुलांनी 'पाणी' म्हटलं. सगळ्यांनी ओठाची एक बाजू अशी दाबून धरली होती. कुणी चेष्टा करत नव्हतं हो, मॅडम. त्यांना वाटलं, शब्द आता असा म्हणायचा असतो. ज्यांना गेल्या वर्षी छान येत होता, त्यांनीसुद्धा मोडून परत शिकून घेतला. एका मुलाची आई आली. म्हणाली, हा घरी तोंड वाकडं करून पाणी मागतो, मी रागावले तर खुणेनं सांगतो, बाई असंच करतात." त्या थांबल्या. "मुख्याध्यापिकांनी वर्ग काढून घेतला. रागानं नाही. माझ्यापेक्षा जास्त त्या रडल्या. शूटिंग आता नवी मुलगी करणार आहे. पोरगी चांगली आहे. घाईत बोलते, पण शिकेल."

मॅडम काहीतरी बोलायला गेली. बाईंनी हात वर केला.

"माझ्याकडे बघा. मी आवाज न काढता एक शब्द म्हणते. तुम्ही ओळखा."

त्यांनी ओठ हलवले. मॅडम बघत राहिली.

"पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. हळू, सावकाश, वर्गात म्हणतात तसं, आणि तोंड एका अंगाला ओढलं गेलं.

"मामी?" मॅडम म्हणाली. "नाही... बाकी? काहीतरी ब आहे का?"

बाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. परीक्षेत अडकलेल्या पोरीसारखी ती ओठांकडे टक लावून बघत होती. तिला खरंच ओळखायचं होतं.

"नाही येत मला," ती शेवटी म्हणाली.

"माझं नाव होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पाठ आहे ते. दर वेळी मी जिन्यात दिसले की त्याच नावानं हाक मारता."

त्या उठल्या. दाराशी गेल्यावर सवयीनं वळल्या, तोंड पूर्ण मॅडमकडे केलं.

"एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या मुलांनी माझा गळा कधी बघितलाच नव्हता. त्यांचे डोळे ओठांच्या खाली उतरतच नाहीत."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. बऱ्याच महिन्यांनी धाकटी मात्र आली. चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली. मॅडमनं "बसा ना" म्हटलं, तर ऐकलं न ऐकलंसं केलं.

"सांगायला आले, तुम्ही विचारणार नाही म्हणून. ओठ थोडा हलतो आता. फोटोत कळत नाही. वर्गापुरता मात्र सुधारला नाही. ताई शाळेच्या कोठीत असते, खेळणी पुसते, पुस्तकांना कव्हरं घालते. मुलं दारातून डोकावली की पाठ करून बसते, उगाच तसंच बोलायला शिकतील म्हणून." मग ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "गळा मात्र झकास झालाय हं. कामात खोट नाही तुमच्या. भाऊजींच्या फोनात फोटो आहे, दाखवू?"

मॅडमनं मान खाली घातली. धाकटी गेल्यावर ती माझ्या कडेला टेकून बराच वेळ बसली. तिचाही हात माझ्या हातावर होता, आणि पकड, मित्रांनो, खरी होती. त्या घटकेला मला वाटलं, ही आता सुई ठेवून देणार.

थोडे दिवस दाराची कडी वाजली नाही. मग एके दिवशी वाजली. मॅडमनं धडा घेतला होता, पण भलताच. बाई हलल्या म्हणून झालं, असा हिशेब तिनं मनाशी पक्का केला होता. खालच्या दुकानातल्या माणसाकडून तिनं एक रुंद पट्टा शिवून आणला आणि माझ्या मानेला दोन्हीकडून बांधला. आता जो कोणी माझ्यावर आडवा होतो, त्याचं कपाळ ती त्या पट्ट्यानं आवळते. माझ्या पाठीखालचा ठोकळा आहे तिथेच आहे. प्रशस्तिपत्रावरची धूळ तिनं पुसली, एवढा बदल झाला.

माझं रेक्झिन आता फाटलंय, अभ्र्याचा गुलाबी रंग विटून राखेसारखा झालाय. माझी पाठ कोणी दुरुस्त करील ही आशा मी सोडली आहे, म्हणून ते मागणं मागत नाही. मागणं दुसरं आहे, आणि ते तुमच्यापाशी आहे, कारण तुम्ही लहान आहात आणि अजून समोरच्याकडे नीट बघता. तुमची आई, तुमची आत्या, तुमच्या शाळेतल्या बाई आरशापुढे गळ्याखाली चिमूट धरून उभ्या दिसल्या, तर हसू नका आणि तिथून निघूनही जाऊ नका. त्यांच्या समोर जाऊन उभे राहा. त्यांना काहीतरी विचारा, काहीही, आणि त्या बोलत असताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. त्यांचं तोंड दिवसभर कुणाकुणासाठी काय काय करतं, ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं. आरसा सांगत नाही. मॅडमही सांगत नाही. आणि मला बोलता येतं, पण माझ्यावर पडलेल्या माणसाला ते ऐकू जात नाही.

आत्ता जिन्यात पावलं वाजताहेत. मॅडम पट्ट्याचं बक्कल सोडते आहे. दार उघडलं, कुणीतरी आत आलं, कडी सरकली. नव्या हातांनी माझे हात धरले आहेत. बोटं लांब आहेत आणि गार आहेत. ही कोण आहे, काय काम करते, मला माहीत नाही. मॅडमनंही विचारलेलं नाही.